सामाजी दिवेकरांची मशीद

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तो विषय ठरवूनच केला. "तुझे वडील फौजेत होते, तेव्हा तू एखाद्या निवृत्त फौजी माणसाच्या आयुष्यावर वीस मिनिटं बोल." कोणावर, ते माझ्यावर सोडलं. मी लगेच सांगितलं की बाबांवर बोलणार नाही. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण कॅम्पातल्या निम्म्या लोकांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. मी एखादी गोष्ट इकडची तिकडे केली तर इथेच कोणीतरी उठून मला दुरुस्त करील. म्हणून मी दुसरा फौजी निवडला. त्यांना जाऊन सव्वादोनशेहून जास्त वर्षं झाली. ते मराठी बोलायचे, मूळचे कोकणातले, आडनाव दिवेकर. आणि मुंबईत मध्य रेल्वेवर सीएसएमटीनंतर जे पहिलं स्टेशन लागतं, मस्जिद, त्याचं नाव त्यांनी बांधलेल्या मशिदीवरून पडलं असं सांगतात.

आता मालेगावच्या माणसाला मशिदीचं काय कौतुक? मोसम पूल ओलांडला की आपल्याला किती मिनारे दिसतात ते सगळ्यांना माहीत आहे. पण ही मशीद मुसलमानांची नाही. ती यहुद्यांची आहे. बांधली एका मराठी बोलणाऱ्या यहुदी शिपायाने, १७९६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी दुसरा बाजीराव पेशवा झाला त्या वर्षी.

मला ही माणसं कशी भेटली ते थोडक्यात सांगते. मांडवी भागातल्या एका पेढीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं काम माझ्याकडे होतं आणि त्यापायी मी वर्षभर आठवड्यातून दोनदा मस्जिद स्टेशनवर उतरत होते. स्टेशनपासून पेढीकडे जाताना सॅम्युअल स्ट्रीट लागतो. खजुराचा घाऊक बाजार तिथेच भरतो. रमजानच्या आधी मालेगावात येणारा खजूर त्या गल्लीतूनही निघत असणार. मला वाटायचं, सॅम्युअल म्हणजे कोणी इंग्रज साहेब. पेढीवरचे म्हातारे मुनीम म्हणाले, "साहेब कुठला, दिवेकर होता तो. ती पुढे जुनी मशीद आहे ना, त्याची." इतिहासाचे सर इथे पुढच्याच रांगेत बसलेत. सर, तुमच्या तासाला मी खिडकीबाहेर बघत बसायचे ही तक्रार तुम्ही काल केलीत, पण त्या दिवसानंतर मी जेवढी पुस्तकं वाचली तेवढी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत वाचली नसतील.

सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे त्यांचं पुस्तकातलं नाव. घरातलं नाव सामाजी हसाजी दिवेकर. ही दोन नावं शेजारी ठेवून बघा, म्हणजे तो समाज कसा होता ते कळेल. शमुएलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी. आणि आडनाव गावावरून, आपल्यासारखंच: दिवे गावचे ते दिवेकर, किहीमचे किहीमकर, राजपूरचे राजपूरकर, अष्टमीचे अष्टमकर. हा समाज स्वतःला बेने इस्राएल म्हणवतो, म्हणजे इस्राएलची लेकरं. त्यांची परंपरा सांगते की फार जुन्या काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि पुढचा सगळा वंश त्यांचा. पुस्तकं समुद्रात गेली. भाषा हळूहळू गेली. गावातल्या लोकांसारखीच लुगडी आणि मुंडाशी आली, घरात मराठी आली, तेलाचे घाणे चालवायचा धंदा आला. राहिल्या त्या चार-पाच गोष्टी. मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची. खवले आणि पर नसलेला मासा खायचा नाही. शनिवारी घाणा जुंपायचा नाही. कोकणात सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेली होते, ते सोमवार तेली, म्हणून हे झाले शनिवार तेली. आणि शेवटची गोष्ट, 'शेमा' या प्रार्थनेचे हिब्रू शब्द. अर्थ माहीत नाही, पण लग्नात, मौतीला, सुंतेला, प्रत्येक वेळी म्हणायचे. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सगळा डेटा गेला, पासवर्ड तेवढा पाठ राहिला.

त्या माशाचीही एक हकिकत त्यांच्यात सांगतात, ती मला फार आवडते. पुढे केव्हातरी दाविद रहाबी नावाचा एक परका यहुदी कोकणात आला. हे लोक खरंच आपले का, हे त्याला बघायचं होतं. त्याने बायकांना मासळीची टोपली दिली, स्वयंपाक करा म्हणाला. बायकांनी खवल्यांचे मासे घेतले आणि बाकीचे बाजूला काढले. झाली परीक्षा. म्हणजे पुस्तक नसताना धर्म कोणी टिकवला म्हणाल तर मासळी निवडणाऱ्या बायकांनी.

अठराव्या शतकाच्या मध्याला यातली काही घरं मुंबईत आली. दिवेकरांचं घर त्यात अगदी पहिल्यांपैकी मानतात. कंपनी सरकारला फौजेसाठी माणसं हवी होती आणि या लोकांना घाण्यापेक्षा बरी कमाई. मुंबईच्या पलटणींमध्ये बेने इस्राएल शिपाई संख्येने थोडे, पण वरच्या देशी हुद्द्यांवर पोचलेले बरेच. हवालदार, जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर. सामाजींचा हुद्दा कुठे सुभेदार लिहिलेला सापडतो, कुठे कॅप्टन, कुठे कमांडंट. ते मोठे अंमलदार होते एवढं नक्की. त्यांच्याबरोबर त्यांचा भाऊ इसाजीही फौजेत होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकते, कारण काल रात्री जेवताना एकाने मला विचारलंच. होय, ते कंपनीचे नोकर होते. ज्या काळात ते कंपनीची बंदूक खांद्यावर घेऊन होते त्याच काळात कंपनी मराठ्यांशी लढत होती आणि वडगावला १७७९ मध्ये हरली होती. देशभक्तीची आपली फूटपट्टी तेव्हा कोणाच्याच हातात नव्हती. नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेल्या आपल्या किल्ल्यात १८१८ साली कंपनीच्या फौजेशी महिनाभर कोण लढलं? अरब शिपाई. कंपनीच्या बाजूने कोण होते? बहुतेक आपल्यासारखेच देशी शिपाई. मग तोफा थांबल्यावर नदीच्या या बाजूला छावणी पडली आणि तिचा कॅम्प झाला. आपण सगळे त्या पत्त्यावर अजून पत्रं मागवतो.

तर सामाजी. १७८० मध्ये हैदर अलीशी कंपनीचं दुसरं युद्ध सुरू झालं. मुंबईहून फौज समुद्रमार्गे कानड्याच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. जनरल मॅथ्यूज तिचा सेनापती. १७८३ च्या सुरुवातीला त्याने घाटावरचं बेदनूर घेतलं, आणि एप्रिलच्या अखेरीस टिपू सुलतानाने तेच बेदनूर त्याच्याकडून परत घेऊन सगळी फौज कैद केली. कैद्यांना चित्रदुर्ग आणि श्रीरंगपट्टणला नेलं. खुद्द मॅथ्यूज कैदेतच मेला. त्या युद्धात टिपूच्या हाती लागलेल्यांमध्ये आपले सामाजी होते. जन्म १७३० चा मानतात, म्हणजे वय पन्नाशीच्या पुढे. आपण पंचेचाळिशीत जिना चढताना कठडा धरतो, ते ध्यानात घ्या.

पुढची हकिकत अशी. कैद्यांना समोर उभं करून जात-धर्म विचारला जात होता. सामाजींची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, बेने इस्राएल. टिपूची आई तिथे होती. ती मुलाला म्हणाली, या लोकांचं नाव आपल्या कुराणात येतं, मी आजवर फक्त ऐकलं होतं, आज पहिल्यांदा बघते आहे, यांना मारू नकोस. टिपूने आईचा शब्द ठेवला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीला फोन लावला. ती किल्ल्याच्या पलीकडून यायची, आठवीत आपल्या वर्गात आली होती. आता इथेच चौथ्या रांगेत बसली आहे आणि नाव घेऊ नकोस अशी खूण करते आहे, म्हणून घेत नाही. मी विचारलं, बनी इस्राईल हा शब्द कुराणात खरंच आहे का ग? ती हसायलाच लागली. म्हणाली, "अगं, शब्द काय, सतराव्या सुरेचं दुसरं नावच ते आहे. रोज वाचतो आम्ही." माझ्या अंगावर काटा आला. टिपूच्या आईनेही ते रोजच वाचलेलं असणार.

आता आमच्या धंद्यात एक वाईट सवय लागते. कोणी म्हणालं की अमुक घडलं, तर आम्ही लॉग मागतो. या हकिकतीचा लॉग म्हणजे हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी लिहिलेला बेने इस्राएलांचा इतिहास. लिहून झाला १८९७ मध्ये, छापला गेला १९३७ मध्ये, तोही तेल अवीवला. म्हणजे घटना घडल्यावर शंभरावर वर्षांनी कागदावर आली. तोवर ती तोंडातोंडीच होती, आणि तोंडातोंडी गोष्ट गोल होत जाते हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्या वर्गाच्या सहलीत बस किती तास बंद पडली होती यावर काल चार मतं निघाली. कोणी म्हणेल, टिपूने कैद्यांना तहानंतर सोडलंच होतं. तेही खरं आहे. मार्च १७८४ मध्ये मंगळूरला तह झाला आणि जे जगले-वाचले होते ते सुटले.

पण मी या हकिकतीकडे दुसरीकडून बघते. शे-सव्वाशे वर्षं एक समाज आपल्या पहिल्या देवळाची गोष्ट घरोघर सांगत होता, आणि त्या गोष्टीत जीव वाचवणारी कोण, तर एक मुसलमान आई. पराक्रमाने सुटका झाली असं त्यांनी सांगितलं नाही. शिपाई तुरुंग फोडून पळाला असंही नाही. शत्रूच्या घरातल्या बाईने नाव ओळखलं, म्हणून आपला माणूस परत आला, हे त्यांनी निवडलं आणि जपलं. गोष्ट शंभर टक्के घडली असो वा नसो, हे निवडणं तर घडलंच. शिवाय त्या शब्दातही शहाणपण आहे. सामाजी 'यहुदी' म्हणाले नाहीत. अभ्यासक सांगतात की मुसलमानी मुलखात 'यहुदी'पेक्षा 'बेने इस्राएल' हे नाव जास्त आदराने ऐकलं जायचं, आणि या समाजाने तेच धरून ठेवलं त्यामागे हेही असावं. समोरच्याला कळेल अशा शब्दांत स्वतःची ओळख सांगता येणं, यावर कधी कधी मान शिल्लक राहते. मोसम पुलाच्या दोन्ही बाजूंना राहिलेल्या आपल्याला ते वेगळं समजवायला नको. २००६ आणि २००८ ही सालं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या दिवसांत कोण कोणाला पहिला फोन करत होतं तेही आपल्याला आठवतं.

सुटल्यावर सामाजींनी काय केलं? त्यांनी नवस केला होता म्हणतात, की जिवंत परतलो तर मुंबईत प्रार्थनेची जागा बांधीन. तोवर मुंबईतल्या बेने इस्राएलांना सिनेगॉग नव्हतं. घरातच ओटीवर प्रार्थना व्हायची. त्यांच्यात एक नियम आहे. पूर्ण प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. नऊ जमले तर चालत नाही. एकटा माणूस कितीही भाविक असला तरी त्याला काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. मी कैदेतल्या सामाजींचा विचार करते तेव्हा बेड्यांपेक्षा हेच डोळ्यांसमोर येतं. हजारो कैदी आहेत, भाऊ आहे, पण दहा नाहीत.

१७९६ मध्ये त्यांनी स्वखर्चाने मांडवीला सिनेगॉग बांधलं. तेव्हा वय सहासष्ट. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग.

इथे मला बाबांचं दोन मिनिटं सांगावंच लागेल, जरी नाही म्हटलं होतं तरी. बाबा हवालदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा हातात आलेल्या पैशातला मोठा भाग त्यांनी आपल्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपाला दिला. आमच्या घरावर तेव्हा पत्रे होते. आई म्हणाली होती, "आधी आपला घरवर स्लॅब टाका, मंग देवना मंडप बांधा." बाबा काही बोलले नाहीत. पत्रे आणखी सात वर्षं राहिले, आणि मे महिन्यात त्या पत्र्यांखाली बसून मी बारावीचा अभ्यास केला. मला अजूनही वाटतं की आईचं बरोबर होतं. पण मंडप झाल्यावर काकड्याला, हरिपाठाला तिथे बाबा सगळ्यात आधी जाऊन सतरंज्या अंथरायचे, आणि कोण आलं, कोण नाही, हे मोजत बसायचे. पलटणीत सकाळी हजेरी घेतात तसं. एखादा म्हातारा दोन दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी जायचे. फौजेत अठरा वर्षं माणसांच्या घोळक्यात राहिलेल्या माणसाला परत आल्यावर घराच्या चार भिंती पुरत नाहीत, त्याला हजेरी घ्यायला माणसं लागतात, असं माझं आपलं मत आहे. सामाजींच्या घरावर पत्रे होते की कौलं, कोण जाणे, पण त्यांच्या घरातही एखादी आई किंवा बायको असं काही म्हणाली असेलच.

सिनेगॉगचा कारभार कसा चालायचा ते ऐका, तुम्हाला मजा वाटेल. मुख्य तो मुकादम. त्याच्या हाताखाली चौगुला. पैशाचा हिशेब ठेवणारा गबाई, प्रार्थना म्हणणारा हज्जान, लग्नं लावणारा काजी, आणि झाडलोट, दिवाबत्ती करणारा समाश. मुकादम आणि चौगुला आपल्या गावगाड्यातले, काजी मुसलमानांकडचा, गबाई आणि हज्जान हिब्रू. आणि इमारतीचं नाव मशीद. पुढे १८४० च्या दशकात दुसरं सिनेगॉग झालं तेव्हा ती नवी मशीद झाली आणि सामाजींची ती जुनी मशीद. गंमत म्हणजे पुण्यात डेव्हिड ससूनने लाल विटांचं सिनेगॉग बांधलं, त्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात. म्हणजे एकाच धर्माच्या घराला मुंबईत मशीद म्हणा, पुण्यात देऊळ म्हणा, आतल्यांची काही तक्रार नाही. या एका बाबतीत मराठी माणसाने दाखवलेला सैलपणा मला फार बरा वाटतो.

मूळ इमारत फार दिवस टिकली नाही. १८६० मध्ये सध्याच्या जागी नवीन बांधली गेली. १८९६ मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा तिला शाआर हारहमीम असं हिब्रू नाव दिलं. अर्थ, दयेचं दार. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच मांडवीत मुंबईतला प्लेगचा पहिला रोगी सापडला आणि माणसं घरंदारं सोडून पळाली, हा योगायोग. टिपूच्या आईची गोष्ट माहीत असलेल्याला ते नाव का दिलं ते विचारावं लागत नाही.

सामाजींच्या मागून फौजेत आणि रेल्वेत गेलेली ही माणसं जिथे जिथे बदलून गेली तिथे त्यांनी प्रार्थनेच्या जागा केल्या, पार कराचीपर्यंत. मराठी त्यांनी नेली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. बेंजामिन सॅमसन अष्टमकरांनी आपल्यासारखी कीर्तनं रचली, फक्त कथा मोशेच्या आणि योसेफाच्या. फौजेची परंपराही राहिली. आपल्या नौदलाचे व्हाइस अ‍ॅडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन याच समाजातले. नर्तिका लीला सॅमसन यांचे ते वडील. १९४८ नंतर मात्र बहुतेक घरं इस्राएलला गेली. तिकडेही त्यांना सहज आपलं म्हटलं गेलं नाही. तुम्ही खरे यहुदी का, तुमची लग्नं ग्राह्य धरायची का, असा वाद तिथल्या धर्मगुरूंनी काढला आणि या लोकांना जेरुसलेमला धरणं धरावं लागलं. १९६४ मध्ये तो प्रश्न मिटला. दाविद रहाबीने एका टोपलीत निकाल लावला होता, यांना काही वर्षं लागली. तिकडे गेल्यावर त्यांनी काढलेल्या मराठी नियतकालिकाचं नाव 'मायबोली'.

आता सामाजींचं शेवटचं. सिनेगॉग बांधून झालं, पण सिनेगॉगचा जीव म्हणजे तोराची गुंडाळी. चामड्याच्या पानांवर हाताने लिहिलेली, एक अक्षर चुकलं तरी बाद. मुंबईत ते लिहिणारं कोणी नव्हतं. कोचीला यहुद्यांची जुनी वस्ती होती, तिथलं परदेशी सिनेगॉग १५६८ चं. तेव्हा सामाजी गुंडाळ्या आणायला कोचीला निघाले. वय सदुसष्ट. ज्या किनाऱ्यावरून चौदा वर्षांपूर्वी त्यांना कैदी म्हणून नेलं असेल, त्याच किनाऱ्याने खाली जायचं होतं, आणि टिपू तेव्हा श्रीरंगपट्टणात जिवंत होता. तो मारला गेला तो १७९९ च्या मे महिन्यात. पेन्शन खाऊन ओट्यावर बसायचं वय. दुसऱ्या कोणाला पाठवता आलं नसतं का? बाबांना हा प्रश्न मी विचारला असता तर ते म्हणाले असते, सामान आपलं असेल तर आपणच आणायला जायचं.

१७९७ मध्ये कोचीतच त्यांचं निधन झालं. तिकडेच पुरलं.

मी जुनी मशीद आतून पाहिली आहे. पेढीचं काम संपायच्या आठवड्यात परवानगी काढून गेले होते. बाहेर पोलीस होता. नरिमन हाऊसवर हल्ला झाल्यापासून मुंबईतल्या सगळ्या सिनेगॉगांपुढे असतो. आत मधोमध कठड्याचा चौथरा, जिथे उभं राहून वाचतात. वर बायकांची गॅलरी. एलियाहू नबीसाठी ठेवलेली रिकामी खुर्ची. गुंडाळ्या ठेवायचं कपाट पश्चिमेच्या भिंतीत, कारण आपल्याकडून जेरुसलेम पश्चिमेला. आपल्या गावातल्या मशिदींचा मेहराबही त्याच बाजूला असतो. बाहेर खजुराच्या पेट्या उतरत होत्या, हमाल ओरडत होते, आणि आत एवढी शांतता होती की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. ज्यांनी दार उघडलं त्या काकांना मी विचारलं, शनिवारी किती माणसं येतात? ते म्हणाले, "दहा व्हायला फोन करावे लागतात."

तुम्ही कोणी मुंबईला गेलात आणि खजूर घ्यायला मस्जिदला उतरलात तर सॅम्युअल स्ट्रीटला ती बघून या. ओळखपत्र लागतं आणि आधी विचारून जावं लागतं. शनिवारी जाऊ नका, त्या दिवशी त्यांची प्रार्थना असते, फोटो काढता येत नाहीत. आत जाताना पुरुषांनी डोकं झाकायचं असतं, तेव्हा खिशात रुमाल असू द्या.